बोट बुडाली त्या वर्षी

आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण सभेत चहा येईपर्यंत मी थांबलो. "मास्तरांचो झील आसा, शुद्ध लिवता," असं मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं आणि हात वर झाले. स्मरणिकेत सोळा पानं जाहिराती आणि दोन पानं इतिहास. जाहिराती आठवड्यात जमल्या. इतिहासाला आठ महिने झाले, अजून एक आकडा भरायचाय.

तो आकडा म्हणजे स्थापनेचं साल. अध्यक्षांना बॅनरवर 'अमृत महोत्सव' घालायचा की 'शताब्दी', एवढंच कळायला हवं होतं. बाकीचा इतिहास तू बघ, म्हणाले.

इतिवृत्ताच्या वह्या माळ्यावरच्या ट्रंकेत होत्या. त्यांत वाळवीने इतकं मन लावून वाचन केलं होतं की "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले" एवढं एकच वाक्य धड उरलं होतं. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणीचा दाखला सापडला, पण विश्वस्त संस्थांच्या नोंदणीचा कायदाच १९५०चा. मंडळ त्याआधीचं आहे, यावर आमच्या गावाचं एकमत आहे, आणि आमच्या गावाचं एकमत ही गोष्ट स्मरणिकेत घालण्यासारखीच आहे.

जमाखर्चाच्या वह्यांना मात्र वाळवीनेही हात लावला नव्हता. त्या वाचताना कळलं की मंडळ म्हणजे मुळात एक खोली. लालबागच्या चाळीत, दहा बाय दहाची. गिरणीत कामाला आलेले गावातले वीस-पंचवीस बाप्ये त्यात पाळीपाळीने झोपायचे. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची सुटायची. खोलीचं भाडं, देवळाची कौलं, कोणाच्या घरी मयत झालं तर त्याचं बोटीचं तिकीट, सगळं वर्गणीतून. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि वहीत वर्गणीच्या रकान्यात नुसत्या रेघा आहेत. पुढची तीन पानं रेघा. ती पानं मला भराभर उलटता आली नाहीत.

बाकी वह्यांत टोप आहे. तांब्याचा टोप घेतला. टोपाला कल्हई. टोप गावी सत्यनारायणाला पाठवला, भाऊच्या धक्क्यापर्यंत हातगाडी. टोप परत मागवला. टोपाबाबत स्मरणपत्र. टोपाबाबत दुसरे स्मरणपत्र. टोपाबाबत चर्चेत वाद, सभा तहकूब. दोन खजिनदारांनी राजीनामे दिले ते टोपावरून. हा इतिहास खरा, पण अध्यक्ष म्हणाले, टोप छापायचा नाही.

शेवटी कोकण रेल्वेने कणकवली आणि पुढे एस.टी.ने विजयदुर्गाकडे, आमच्या गावी. तिथे साल सांगणारे दोघं उरलेत. तात्या ब्याण्णव वर्षांचे, बाबी अण्णा अठ्ठ्याऐंशींचे. दोघंही तात्यांच्या खळ्यात बसले होते. मी विचारलं आणि दोघं एका सुरात म्हणाले, "बोट बुडाली त्या वर्सा."

मला भरून आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा दोन माणसांचं जुळलं होतं. मी वहीत लिहिलं, १९४७. रेवसला निघालेली रामदास त्या वर्षी १७ जुलैला, गटारी अमावास्येला बुडाली, सहाशेवर माणसं गेली.

"रामदास खयची?" अण्णा म्हणाले. "तुकाराम! तुकाराम आणि जयंती. एकाच दिवशी दोन बोटी गेल्यो."

ते १९२७. नोव्हेंबरातलं वादळ. मी वहीतलं साल खोडलं.

"तू तेव्हा जल्माक तरी इल्लंस?" तात्या कडाडले.

"मी नाय, पण माझो बापूस होतो! तुझो बापूस तेव्हा मुंबैक तरी गेल्लो?"

इथून पुढे बोटी राहिल्या बाजूला. दोघांचे बापूस, बांधावरचा एक फणस आणि कोणाच्या तरी लग्नातला मानपान, असा प्रवास झाला. आमच्या किनाऱ्यावर माणसं साल बोटींवरून मोजायची यात नवल नाही. अख्खं गाव पडावातून बोटीवर चढायचं आणि धक्क्यावरून तार येईपर्यंत घरी जीव टांगणीला. पण त्यांनी दोनदा बुडायला नको होतं, एवढं मला त्या क्षणी वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

तेवढ्यात वैनी चहा घेऊन आल्या. "साल व्हया तर टोपार आसा," म्हणाल्या. "मंडळाचा नाव घातलेलो टोप. न्हाणयेत."

मी तात्यांकडे बघितलं. तात्या फणसाकडे बघत होते.

न्हाणीच्या चुलीवर, काजळीने काळाकुट्ट, आंघोळीचं पाणी तापवत टोप बसला होता. दोन राजीनामे त्याच्यापायी गेले होते. मी सोडणाने आणि राखेने घासायला बसलो. अर्ध्या तासाने मंडळाचं नाव आलं. मग 'सन'. मग एक. मग नऊ. मग, भोक पडलं म्हणून कधीतरी ठोकलेलं तांब्याचं ठिगळ. त्याच्या पलीकडे सात.

दोघं काठ्या टेकत न्हाणीच्या दारात आले, वाकून बघितलं.

"सांगलंय ना तुका!" दोघंही म्हणाले.