दिवे लावण्याचा हिशेब

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात 'सारथी' या मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा अजित पवारांनी विचारलं होतं, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार? गदारोळ झाला, विरला. प्रश्न मात्र टिकून आहे. फेलोशिप रखडल्याची बातमी आली की कुणीतरी तो पुन्हा उकरून काढतंच.

मी जर्मनीत, रूर खोऱ्यात, प्रकाश शोषणाऱ्या रेणूंवर काम करतो. हाताला रंग लागत नाही, सगळं संगणकावर. सौर घटासाठी सुचवलेला रेणू कुठला प्रकाश शोषेल, हे तो बनवण्याआधी गणिताने सांगायचं. त्यात ०.३ इलेक्ट्रॉन व्होल्टची (हे ऊर्जेचं माप) चूक नेहमीचीच. तेवढ्यानेही ५०० नॅनोमीटर तरंगलांबीला होणारं शोषण ४४६ वर सरकतं आणि प्रत्यक्षात लालसर असलेला पदार्थ आम्ही पिवळा ठरवून मोकळे होतो! ही चूक कमी करण्यात लोकांची उमेदीची वर्षं जातात. यातून उद्या कुणाच्या घरी दिवा लागणार नाही, हे कबूल.

पण इथल्याच म्युलहाइममध्ये १९१२ साली कोळशाच्या संशोधनासाठी संस्था निघाली. रसायनशास्त्रज्ञ कार्ल झिग्लर तिचे संचालक झाले तेच मुळी 'मला हवं ते संशोधन करू द्याल तर येतो' या अटीवर. १९५३ मध्ये तिथे कमी दाबाखाली पॉलिथिन बनवण्याची रीत सापडली. २०१८ मध्ये रूरमधली शेवटची कोळसा खाण बंद झाली. संस्था चालू आहे. तिथे घडलेलं 'ओर्का' हे रेणूंची गणितं करणारं सॉफ्टवेअर विद्यापीठांना फुकट मिळतं. जळगावच्या कॉलेजातही ते चालेल.

मग अडतं कुठे? बुद्धीत नाही, यंत्रांतही फारसं नाही. जर्मनीत पीएचडी करणारा बहुतेक वेळा नोकर असतो. रसायनशास्त्रात पगार बऱ्याचदा अर्धाच, पण करार हातात, आरोग्यविमा, पेन्शनची कपात, हक्काची रजा. आपल्याकडे २०२३ पासून जेआरएफ ही संशोधकांची फेलोशिप महिना ३७ हजार झाली, चांगलंच झालं. पण ती वेळेवर येईल का, हा घोर विद्यार्थ्यालाच.

म्हणून 'बाहेर जा, तिथे कदर आहे' म्हणणाऱ्या माझ्या एनआरआय मित्रांशी माझं जमत नाही. कदर पीएचडीपर्यंत. जर्मन कायद्याने हंगामी करारावर पीएचडीआधी जास्तीत जास्त सहा आणि नंतर सहा वर्षं. तोवर कायम जागा नाही मिळाली तर बहुतेकांचा विद्यापीठातला मुक्काम संपला. पंचेचाळिशीच्या आतल्या, प्राध्यापक नसलेल्या दहापैकी नऊ संशोधकांचे करार असेच हंगामी. २०२१ मध्ये, या कायद्याची भलामण करणाऱ्या सरकारी व्हिडिओतल्या हाना या संशोधिकेचं नाव घेऊन, 'मी हाना' म्हणत हजारोंनी यावर तोंड उघडलं. नेट-सेट होऊन तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, सुट्टीत बिनपगारी बसणाऱ्या माझ्या वर्गमित्राचे हाल जास्त, यात शंका नाही. पण दुखणं एकाच जातीचं आहे.

नांदेड-कोल्हापूरकडून मेल येतात : सर, जर्मनीला येऊ का? पीएचडीला बेलाशक या, म्हणतो. त्यापुढचं विचारलं की माझा करार कधी संपतोय ती तारीख कळवतो.