जुनी शेअर सर्टिफिकेटं रद्दीत टाकायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

‘2019 पासून कागदी शेअर बाद झाले. सात वर्षं डिव्हिडंड घेतला नाही की शेअर सरकारजमा. आजोबांच्या नावावर असतील तर कोर्टाशिवाय काही होत नाही. रद्दीत टाका, नाहीतर टक्केवारीवर एजंटाला देऊन मोकळे व्हा.’ हा मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. त्यातल्या बहुतेक वाक्यांत थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो.

1 एप्रिल 2019 पासून सेबीने (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने) बंद केलं ते लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांचे कागदी शेअर दुसऱ्याला विकून त्याच्या नावावर चढवणं. मालकी जिथल्या तिथे आहे. वारसांच्या नावावर करता येतं, डिमॅट (म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात जमा) करता येतं. विकायचे असतील तर डिमॅट करावंच लागतं. आणि मालकी ठरते ती कंपनीच्या सभासद नोंदवहीवरून. त्यामुळे आधी सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर (त्या नोंदवहीतला खाते क्रमांक) बघा, मग सर्टिफिकेट उलटं करा. आजोबांनी ते दुसऱ्याकडून घेतलं असेल आणि मागे त्यांचं नाव चढलेलंच नसेल, तर खरी अडचण तिथे आहे. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

‘सरकारजमा’ म्हणजे काय? सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नाही तर 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे शेअर आयईपीएफ या सरकारी निधीकडे जातात. ते परत मागता येतात, आणि मागायला मुदत नाही. आधी कंपनीकडे कागदपत्रं, मग आयईपीएफ-5 हा ऑनलाइन अर्ज. अर्जाला फी नाही; स्टॅम्पपेपर आणि नोटरीचा खर्च येतो. वेळ मात्र भरपूर जातो, हे खरं.

कोर्टाचं म्हणाल तर नॉमिनी असेल तर त्याची गरज नाही. नॉमिनी नसला तरी सेबीने ठरवलेल्या रकमेपर्यंत प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि बाकी वारसांची ना हरकत यावर काम होतं. भावंडांत भांडण असेल तर गोष्ट वेगळी.

‘कंपनीचं नाव सापडत नाही, म्हणजे ती बुडाली’ हीही अशीच एक समजूत. टेल्कोचं नाव पुढे टाटा मोटर्स झालं, हे पुष्कळांना माहीत असतं. पण 2008 च्या विभाजनाआधीचं ‘बजाज ऑटो’चं सर्टिफिकेट आजच्या बजाज ऑटोचं नव्हेच! जुन्या कंपनीचं नाव बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट झालं आणि तिच्या प्रत्येक शेअरमागे नव्या बजाज ऑटोचा एक आणि बजाज फिनसर्व्हचा एक शेअर मिळाला. म्हणजे चौकशी तीन कंपन्यांकडे करायची. कागदावरचा आकडाही शेवटचा धरू नका. रिलायन्सने 1997, 2009, 2017 आणि 2024 मध्ये एकास एक बोनस दिला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट. त्याआधीपासून असलेल्या एका शेअरचे सोळा झाले.

अर्थात नव्वदच्या दशकात पब्लिक इश्यू आणून गायब झालेल्या कंपन्याही कमी नाहीत. तुमचा कागद त्यांतला निघाला तर तो खरोखरच रद्दी.

राहिला एजंट. कंपनीच्या वेबसाइटवर तिच्या रजिस्ट्रारचा (शेअरच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेचा) पत्ता असतो. फोलिओ नंबर लिहून, सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडून पत्र पाठवा. किती शेअर आहेत, कुठे आहेत ते तिथून कळतं. त्याआधी कुणाच्या हातात मूळ सर्टिफिकेट देऊ नका, कोऱ्या फॉर्मवर सही तर नाहीच.