फक्त चार फूट डावीकडे

हॉलला रंग द्यायचा ठरलं आणि बायको म्हणाली, हात लागलाच आहे तर तो फ्यूजचा बोर्डपण हलवून टाकू. आमची बिल्डिंग १९८६ सालची, त्यामुळे लाकडी बोर्ड, त्यावर चिनी मातीचे सहा फ्यूज आणि खटका ओढला की शेजाऱ्यांना पण कळेल असा लोखंडी मेन स्विच, आणि हे सगळं भर हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी. इतकी वर्षं त्यावर कॅलेंडर लटकवून आम्ही अब्रू राखली होती. फ्यूज उडाला की कॅलेंडर उतरवायचं, आईने बॅटरी धरायची आणि बाबांनी तार गुंडाळायची.

वायरमन आला, भिंतीकडे बघून म्हणाला, "चार फूट तर सरकवायचाय, दोन तासांचं काम." इथेच मला संशय यायला हवा होता.

बोर्ड उतरवल्यावर तो म्हणाला, "साहेब, वायरी पुरत नाहीत." आता ४० वर्षांपूर्वी ज्याने वायरिंग केलं त्याला काय स्वप्न पडलं होतं का की पुढे यांच्या सुनेला बोर्ड दाराच्या मागे हवा होईल! सगळ्या वायरी जुन्या जागेपर्यंत येऊन संपलेल्या. एकतर घरभर भिंतींना झिऱ्या मारून सगळं नवीन ओढा, नाहीतर इथेच जोडून पुढे न्या. मी ग्रायंडरच्या धुळीचा विचार केला आणि म्हटलं, जोडा.

मग मला दुकानात पिटाळलं. दुकानदाराने विचारलं, "दीडची की अडीचची?" मी म्हटलं, चार फुटाची. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते सोडा, पण शेवटी त्यानेच समजावलं की लाइट-पंख्याला दीड, प्लगला अडीच, गीझरला चार, आणि हे वायरीच्या जाडीचं चाललंय, लांबीचं नाही.

तिसऱ्या दिवशी नवीन बॉक्स बसला, पांढराशुभ्र, फ्यूजच्या जागी आपोआप पडणारे खटके म्हणजे एमसीबी वगैरे, शिवाय आरसीसीबी. म्हणजे जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलने, म्हणजे परतीच्या वायरीने, परत यायला पाहिजे, ३० मिलिअँपियरचा जरी हिशोब चुकला तरी ते खटकन सगळं घर बंद करतं. (आमच्या आईचा भाजीच्या सुट्ट्या पैशांचा हिशोब याहून कडक आहे, पण असो.)

सगळं चालू केलं, टाळ्या झाल्या, आणि खट्! अंधार. परत चालू, पाच मिनिटं ठीक, परत खट्. दर वेळी अंधारात बाथरूममधून बाबांचा आवाज, "अरे काय चाललंय काय!" असं तीनदा झाल्यावर वायरमनच्या डोक्यात प्रकाश पडला, घरात नव्हता तरी. बाबांनी बाथरूमचा दिवा लावला की सगळं बंद पडत होतं. उघडून बघतो तर त्या दिव्याची न्यूट्रल चक्क अर्थिंगला जोडलेली, म्हणजे गेलेला करंट न्यूट्रलने परत न येता जमिनीच्या वाटेला.

"हे कोणी केलंय?" वायरमन ओरडला.

टॉवेल गुंडाळून उभे असलेले बाबा पंख्याकडे बघत म्हणाले, "आधी तर चालायचं."

चौथ्या दिवशी काम संपलं. नवीन बॉक्स दाराच्या मागे, कुणाला दिसतसुद्धा नाही. जुन्या जागी मात्र वायरींचे जोड ठेवायला एक मोठा जंक्शन बॉक्स बसवावा लागला, आणि वायरमनने बजावलं की हे झाकण प्लास्टर करून बुजवायचं नाही, कधी उघडावं लागलं तर? झाकण जुन्या बोर्डापेक्षा बोटभर मोठंच आहे. टीव्हीच्या शेजारी.

बायको त्याच्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली, मग आत गेली आणि कॅलेंडर घेऊन आली.