ओंडक्यांची घरे नुसत्या कुऱ्हाडीवर उभी राहिली नाहीत

अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरांतील जुन्या ओंडक्यांच्या घरांची छायाचित्रे जोडून एक मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. ही घरे म्हणजे तिथल्या वसाहतकऱ्यांचा स्वतःचा शोध, एकट्या माणसाने केवळ कुऱ्हाडीच्या जोरावर, एकही खिळा न वापरता, एका दिवसात उभारलेली, असे त्यात म्हटले आहे; पुरावा म्हणून अब्राहम लिंकन यांचे केंटकीतील जन्मघर दाखवले जाते.

शोधाचा दावा लगेच निकाली निघतो. १६२० मध्ये अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील प्लिमथला उतरलेल्या इंग्रजांनी आपल्या मायदेशाच्या रीतीने लाकडी सांगाड्यावर फळ्या ठोकून घरे बांधली. आडवे ओंडके रचण्याची रीत १६३८ पासून डेलावेअर नदीकाठी वसलेल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी आणली, आणि पेनसिल्व्हेनियातील जर्मनांकडेही ती होतीच.

‘केवळ कुऱ्हाड’ हे शब्द मात्र कारागिरांवर अन्याय करतात. टेनेसीतील केड्स कोव्ह खोऱ्यात १८२० च्या दशकातले जॉन ऑलिव्हर यांचे घर आजही उभे आहे. अशा घरांसाठी ओंडक्यावर आधी ठरावीक अंतराने घाव घालत आणि मग एकाच बाजूने धार काढलेल्या रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने मधले लाकूड उडवून बाजू सपाट करत. छपराच्या फळ्या करवतीने न कापता, पात्यावर मोगरी हाणून लाकडाच्या रेषेनेच फोडत, कारण तंतू अखंड राहिले की पाणी आत मुरत नाही. खरी परीक्षा कोपऱ्याची. तिथल्या खाचेचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवल्याने पावसाचे पाणी निथळून जाते, आणि वर ओंडके चढतील तसा त्यांच्याच भाराने सांधा आवळत जातो.

या सांध्याला खिळा लागत नाही, एवढे खरे. पण त्यावरून साऱ्या घरात खिळाच नव्हता असे ठरत नाही. यंत्राने कापलेले खिळे तेव्हा बाजारात मिळत होते, आणि छपरासाठी ते अनेकांनी वापरले.

एका दिवसात भिंती चढत, तेही शेजारीपाजारी जमले तर. पण झाडे तोडणे, तासणे, ओढून आणणे हे काम त्याआधीच उरकलेले असे, आणि दगडी धुराडे, दारे-खिडक्या, फटींत माती भरणे मागे राहत असे. हा हिशेब सोयीस्करपणे गाळला जातो.

राहिले लिंकन यांचे घर. त्यांचा जन्म १८०९ चा, आणि २००४ मध्ये झालेल्या वृक्षवलयांच्या तपासणीत त्या घराचा सर्वांत जुना ओंडका १८४८ चा निघाला. स्मारकाची देखभाल करणारी राष्ट्रीय उद्यान सेवाच त्याला प्रतीकात्मक जन्मघर म्हणते.