साहेबांचं मन आणि कायद्याचा कागद

आठवड्याला 70 तास काम करावं, असं इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती 2023 मध्ये म्हणाले. 2025 च्या सुरुवातीला एल अँड टी कंपनीचे प्रमुख सुब्रह्मण्यन यांनी ते 90 तासांवर नेलं. दोन्ही वेळा आपल्याकडे वाद रंगला तो साहेबांना माणुसकी आहे की नाही, यावर. जर्मनीतून पाहताना हा वादच भलतीकडे चाललाय असं वाटतं.

इथले साहेब संत नाहीत. फोक्सवॅगनच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या, तरी 2015 मध्ये उघड झालेला डिझेल घोटाळा, म्हणजे गाड्यांच्या धुराच्या चाचणीतली फसवणूक, झालाच. पण माणूस काढताना हाव कागदावर अडते. कंपनीत 10 हून अधिक माणसं असतील आणि नोकरीला 6 महिने झाले असतील, तर कायद्यात बसणारं कारण लागतं. काम घटलं म्हणून काढायचं तर सारखं काम करणाऱ्यांमध्ये नोकरीची वर्षं, वय, पोसायची माणसं आणि गंभीर अपंगत्व बघून निवड करावी लागते. बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेलं मंडळ असेल, तर त्याला आधी विचारावं लागतं. त्याचा विरोध झाला तरी कंपनी काढू शकते. विचारलंच नाही, तर मात्र नोटीस रद्द. नोटीसही कागदावर, शाईच्या सहीनिशी. ईमेल चालत नाही.

म्हणून कंपन्या आडवाट धरतात: आउफहेबुंग्सफरट्राग, परस्पर संमतीने नोकरी संपवायचा करार. नवे आलेले भारतीय इथेच फसतात. भिडेपोटी बैठकीतच सही करतात, मग बेकारभत्ता बहुधा 12 आठवडे रोखला जातो. सही न करता कागद घरी न्यावा, वकिलाला दाखवावा. नोटीस आलीच, तर कोर्टात जायला फक्त 3 आठवडे असतात.

कायदा आपल्याकडेही आहे. छाटणीत एक महिन्याची नोटीस, भरलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन, आणि शेवटी आलेला आधी जाणार. पण हे ‘कामगारा’ला. आयटीत हुद्द्याला मॅनेजर चिकटवला, की एचआर सांगणार तुम्ही त्यात बसत नाही. कोर्ट हुद्दा नव्हे, प्रत्यक्ष काम बघतं; पण रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, अडकलेलं असताना कोर्टाची पायरी चढतो कोण? म्हणून कंपन्या कर्मचाऱ्याकडून राजीनामाच लिहून घेतात, आणि राजीनाम्याला छाटणीची भरपाई नसते. मूर्तींच्या तासांवर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या निम्मी तरी या राजीनाम्यांवर व्हायला हवी होती.