कुरवांवर खापर कशाला?

मोरजीच्या आमच्या वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद चाललाय. कोणीतरी बातमी टाकली, की कुरव (सीगल) पक्ष्यांच्या विष्ठेत अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू सापडतात. लगेच निम्मे म्हणाले, हे पक्षी बाहेरून रोग आणतात, शापोरा नदीच्या मुखावर त्यांना बसूच देऊ नका. उरलेले म्हणाले, पर्यटनाचा हंगाम तोंडावर आला की गोव्याची अशी बदनामी होतेच.

दोन्ही वाचून जीव जळतो. मी पोर्तुगालमध्ये, पोर्तो शहराशेजारच्या मातोझिन्योशला राहतो. पोर्तोच्या किनाऱ्यांवरच्या कुरवांत अनेक औषधांना न जुमानणारे ई. कोलाय हे आतड्यातले जिवाणू सापडल्याचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्याआधी २००८ मध्ये पोर्तुगालच्याच बेर्लेंगा बेटांवरच्या कुरवांबद्दलही तसंच प्रसिद्ध झालं होतं, आणि तिथे वस्ती नावापुरतीच. म्हणजे बदनामी एकट्या गोव्याची नाही.

पक्षी औषध घेत नाही. तो कचऱ्यात, सांडपाण्याच्या तोंडाशी चरतो, माणसांच्या पोटातले जिवाणू स्वतःच्या पोटात घेतो आणि उडतो. आपल्याकडे हिवाळ्यात येणारा तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांवर अंडी घालतो. तो काय आणतो हे सगळे विचारतात. परत जाताना मोरजीहून काय नेतो?

जिवाणूंना जबर अँटिबायोटिकही पचवायला लावणाऱ्या एनडीएम-१ या जनुकाला नवी दिल्लीचं नाव दिलं, तेव्हाही, २०१० मध्ये, देश नावावरून भांडत बसला. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या नळाच्या पाण्यात तो जनुक सापडल्याचं छापून आलं.

इथे सेंत्रु द साउदमधून, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रातून, रेसेइता (डॉक्टरांची चिठ्ठी) आणल्याशिवाय फार्मसीत अँटिबायोटिक मागायला कोणी जात नाही. आपल्याकडे अनेक अँटिबायोटिकांच्या विक्रीवर बंधन घालणारं शेड्यूल एच१ २०१४ पासून लागू आहे, रुग्णाचं नाव वहीत लिहायचं असतं. तरी माझ्या आईला साध्या सर्दीवर अँटिबायोटिकच्या दोन दिवसांच्या गोळ्या सुट्या मिळतात.

हे लिहिलं तर भाच्याचं उत्तर आलं, ‘मामा, तू पोर्तुगीज पासपोर्ट घेतलास, आता आम्हांला शिकवू नकोस.’ बोचलं. मतदार यादीतून माझं नाव गेलं, हे खरं आहे. इथे मला मत आहे, पण इथल्या गटारांवरून मी आजवर कोणाशी भांडलेलो नाही. भांडतो ते मोरजीसाठीच.

आमच्या घरामागे भाड्याच्या खोल्या आहेत. हंगामात सेप्टिक टँक भरतो, रात्री टँकर येतो. त्या घरात माझा हिस्सा आहे. टँकर कुठे रिकामा होतो, त्याची पावती भाच्याने ग्रुपवर टाकावी.