बंड्या आणि चिंगीच्या एका स्टारला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

बाकी सगळं नंतर. तुम्ही रिव्ह्यूसोबत जो फोटो टाकलाय, बंड्या, चिंगी ही तुमची रॅटची (पाळलेल्या मोठ्या उंदरांची) जोडी आणि पिल्लं एकाच पिंजऱ्यात, खाली ‘पूर्ण कुटुंब’, तो बघून मी काल रात्री दोनदा फोन केला. तुम्ही उचलला नाहीत, आणि रागावलेलं माणूस उचलणार नाहीच. म्हणून इथेच लिहिते: हे वाचाल त्या क्षणी बंड्याला त्या पिंजऱ्यातून बाहेर काढा आणि दुसऱ्या खोलीत न्या. तो पिल्लांना काही करेल अशी भीती नाही, बंड्या गरीब आहे. कारण वेगळं आहे, पुढे सांगते.

इतरांना संदर्भ लागेल म्हणून ताईंची तक्रार थोडक्यात. दिवाळीत त्यांनी आपली रॅटची जोडी आमच्या पाळीव प्राण्यांच्या बोर्डिंगमध्ये आठ रात्री ठेवली. आम्ही न विचारता दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवलं, दोन पिंजऱ्यांचे पैसे घेतले, बंड्या एकटा पडून उदास झाला. घरी गेल्यावर चिंगीला ११ पिल्लं झाली, म्हणजे आमच्याच इथल्या कुठल्यातरी नराचा प्रताप. आणि याचा जाब विचारायला फोन केला, तर आमच्याकडच्या पोरानं ‘मग बारसं कधी?’ असं विचारलं.

बारशाबद्दल हात जोडून माफी. पोरगा एकोणीस वर्षांचा आहे, जनावरांचं सगळं मनापासून करतो, पण माणसांशी कुठे काय बोलावं हे अजून शिकतोय. त्याला समज दिली आहे, आणि तक्रारीचा फोन यापुढे मीच घेईन.

आता पिल्लांचा हिशेब. चिंगी आमच्याकडे आली १८ ऑक्टोबरला संध्याकाळी. गेली २६ ला सकाळी. व्यायली ६ नोव्हेंबरला, ही तारीख तुम्हीच लिहिली आहे. म्हणजे आमच्या दारात पाऊल ठेवल्यापासून एकोणिसाव्या दिवशी. रॅटची मादी २१ ते २३ दिवस गाभण असते. सहा तारखेपासून बोटांवर मागे मोजत जा, १४ ते १६ ऑक्टोबर येतं. तेव्हा चिंगी तुमच्या सोफ्यावर होती.

सोफा मी मनानं घातलेला नाही. फॉर्मवर ‘रोजचा दिनक्रम’ या रकान्यात तुमच्याच अक्षरात आहे: ‘रात्री वेगळे पिंजरे. संध्याकाळी अर्धा तास सोफ्यावर एकत्र खेळतात, आमची पूर्ण नजर असते.’ ताई, तुमच्या नजरेवर माझा विश्वास आहे. पण या कामाला नजर पुरत नाही. बोर्डिंग सुरू करण्याआधी मी अकरा वर्षं एका औषध कंपनीच्या ॲनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी ठेवतात तिथे, होते, पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यांच्या रांगांमध्ये. तिथे शिकलेली गोष्ट सांगते. मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते, बहुतेक वेळा संध्याकाळनंतर, आणि जेमतेम अर्धा दिवस तशी राहते. तेवढ्या वेळात नर तिच्या अंगावर चढतो आणि उतरतो ते एक-दोन सेकंदांत. पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो. बघणाऱ्याला वाटतं पकडापकडी चाललीय. कुणी चहाचा कप खाली ठेवायला वळलं तरी पुरे. आणि वळलं नाही, समोर डोळे लावून बसलं, तरी ‘अगं अगं’ म्हणत हात पुढे जाईपर्यंत उशीर झालेला असतो.

तुम्ही असंही लिहिलंय की दोघं सख्खे भाऊ-बहीण आहेत, एकाच वेताचे, त्यामुळे तुम्हाला तशी शंकाच आली नाही. दुकानदारानं दोन्ही माद्या म्हणून दिले आणि महिन्याभरात बंड्याचं गुपित बाहेर आलं, हेही तुम्ही मला तेव्हा सांगितलं होतं. दुकानात असं फार होतं. पण ताई, भाऊबीज माणसांची. उंदराला नातं कळत नाही, आणि ‘चिंगी अजून लहान आहे’ हेही कळत नाही. चार महिन्यांची मादी म्हणजे पुरती वयात आलेली. खरं तर पाच-सहा आठवड्यांची झाली की ती गाभण राहू शकते.

इथवर वाचून वाटेल की बाई फक्त हात झटकतेय. तर आता आमची चूक, जी तुम्ही लिहिलेली नाही कारण तुम्हाला ती माहीतच नाही.

आम्ही प्रत्येक प्राण्याचं वजन येताना आणि जाताना करतो. तुमचा रिव्ह्यू वाचून रजिस्टर काढलं. चिंगी येताना २६८ ग्रॅम, जाताना ३०१. आठ दिवसांत ३३ ग्रॅम. पोरानं नोंद नीट केली होती, पण पुढे ‘दिवाळीचा फराळ!’ असं लिहून एक हसरा चेहरा काढला होता. त्यावर माझी सही आहे. वाचून केलेली नाही, हे उघड आहे.

दुसरी गोष्ट जास्त लागली. माजावर आलेली रॅट ओळखू येते. पाठीवरून हात फिरवला की कंबर खाली जाते, शेपटीकडचा भाग वर येतो, आणि कान इतके भरभर थरथरतात की कडा पुसट दिसतात. मध्येच टणकन उडी मारून पळते, थांबते, पुन्हा पळते. आठ रात्रींत चिंगीनं हे निदान एकदा तरी करायला हवं होतं. मी रोज रात्री दहाला तिला बाहेर काढत होते. ती खांद्यावर बसायची, कानामागे नाक खुपसायची, दात कुरकुरवायची. कान एकदाही थरथरले नाहीत. आणि माजावर येत नाही ती बहुधा गाभण. माझ्यासारख्या बाईच्या डोक्यात तिथेच घंटा वाजायला हवी होती. वाजली असती तर २६ तारखेला मी तुम्हाला सांगितलं असतं, तुमच्या हातात अकरा दिवस असते, आणि मुख्य म्हणजे पिल्लं झाली त्या दिवशी बंड्या तिच्याजवळ नसता. ही चूक माझी. पोराची नाही.

वेगळ्या खोल्यांबद्दल. हा नियम २०१९ साली केला, आणि आमच्याच फजितीतून केला. तोवर नर-मादी असले की दोन पिंजरे शेजारी शेजारी ठेवायचो, मधे चार बोटं जागा. एका ताईंची मादी होती, पिंजऱ्याच्या गजांमध्ये इंचभर फट. रात्री त्या दोघांनी ओढून, ढकलून पिंजरे कसे जवळ आणले देव जाणे. सकाळी बघते तर ती गजांना पाठ लावून उभी आणि शेजारचा नर पलीकडून. मधे लोखंड होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही. तीन आठवड्यांनी सात पिल्लं. त्यातली तीन मी सांभाळली, शेवटची गेल्याच्या गेल्या वर्षी गेली. नाही, चुकले, रॅट इतकं कुठलं जगायला, दोन-अडीच वर्षं म्हणजे भरपूर. २०२१ ला गेली ती. तर तेव्हापासून नसबंदी न झालेले नर आणि मादी आमच्याकडे बंद दाराच्या दोन बाजूंना असतात. हा नियम फॉर्मच्या दुसऱ्या पानावर आहे, खाली तुमची सही आहे. पण दिवाळीच्या गर्दीत तो तोंडानं सांगायला हवा होता, तो कुणी सांगितला नाही. म्हणून दुसऱ्या पिंजऱ्याचे ८ रात्रींचे २००० रुपये आज तुम्हाला परत पाठवले आहेत. नियम मात्र तोच राहील.

बंड्याच्या उदासपणाबद्दल तुमचं बरोबर आहे. एकटा रॅट सुखी नसतो. फक्त त्यावरचा उपाय चिंगी नव्हे. त्याला दुसरा नर हवा, चिंगीला दुसरी मादी. एका घरात दोन्ही ठेवता येतात, कितीतरी लोक ठेवतात. दोन नर या खोलीत, दोन माद्या त्या खोलीत, बाहेर सोडायची वेळ वेगवेगळी, आणि मधलं दार कोण लावतं हे घरात ठरलेलं. पाहुणे आले, लहान मूल खेळायला आलं की दाराचा नियम पहिला मोडतो, हे अनुभवानं सांगते.

आणि तुमच्या घरात जोडीदार आयते आले आहेत. एक मुलगा बंड्यासाठी ठेवा, एक-दोन मुली चिंगीजवळ.

दुसरा रस्ता नसबंदीचा. बंड्याची करणं चिंगीपेक्षा सोपं, पण झाल्यावर निदान चार आठवडे तो वेगळाच राहायला हवा, कारण आधीचा साठा तेवढे दिवस काम करू शकतो. चिंगीचं ऑपरेशन मोठं, पोट उघडावं लागतं, पण त्याचा एक फायदा आहे: माद्यांना छातीपोटाशी स्तनांच्या गाठी (ट्यूमर) फार होतात, आणि लहान वयात बीजकोश काढले तर त्या खूप कमी होतात. डॉक्टर निवडताना एक प्रश्न विचारा, ‘आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवू का?’ उंदराला उलटीच होत नाही, त्यामुळे त्याला कुत्र्या-मांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. ‘हो, ठेवा’ असं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना बघा.

आता तो फोटो. रॅटची मादी व्यायल्यावर चोवीस तासांच्या आत पुन्हा माजावर येते. ओल्या पिल्लांना दूध पाजता पाजता. बंड्या ६ तारखेला रात्री तिथेच असेल, तर दुसरं वेत बहुधा आत्ताच पोटात आहे. पुढचं वेत नोव्हेंबरच्या अखेरीपासून कधीही येऊ शकतं. अंगावर पिणारी पिल्लं असली की गर्भ रुजायला उशीर लागतो, त्यामुळे डिसेंबरचा पहिला पंधरवडाही लागू शकतो. डॉक्टरांशी आजच बोला, काय करता येईल ते तेच ठरवतील. तोवर चिंगीला रोज थोडं उकडलेलं अंडं द्या, तिचा जीव दोन्हीकडून ओढला जातोय.

आज पिल्लं चौदा दिवसांची, डोळे उघडत असतील. नर-मादी ओळखायची सर्वात सोपी वेळ तुमची गेली. नऊ-दहा दिवसांची असताना पोटावर केस विरळ असतात आणि मुलींची स्तनाग्रं ठिपक्यांच्या ओळींसारखी दिसतात. आता शेपटीखाली लघवीची जागा आणि गुदद्वार यांच्यातलं अंतर बघायचं, मुलांमध्ये ते मुलींच्या जवळपास दुप्पट. एकट्यानं बघू नका, तुमच्या दुकानदारानंही बघितलंच होतं. ३० तारखेला अकराच्या अकरा घेऊन या, मी करून देते, पैसे नाहीत. तोवर मुलांचे गोटेही खाली आलेले असतील, वाद राहणार नाही. ११ डिसेंबरला ती पाच आठवड्यांची होतात. त्याच्या आत सगळे मुलगे आईपासून आणि बहिणींपासून वेगळे. ती तारीख चुकली तर संक्रांतीच्या आत चिंगी आजी होईल.

एक स्टार तसाच ठेवलात तरी चालेल. फक्त बंड्याला हलवलंत की एक मेसेज टाका. आणि ३० ला येताना तो वेगळ्या डब्यात आणा, पिल्लांच्या डब्यात नको, रस्त्यातसुद्धा.